मूर्तिजापूरला उतरवलेला बाप

अमरावती, शुक्रवार

ती. चतुराबाईस धाकट्या देवमनचा सप्रेम जयभीम. इकडे आम्ही सगळे खुशाल, फक्त ऊन जीव घेऊन राहिलं आहे. तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस, की बाटली खिडकीत ठेवून नुसती तिच्याकडे पाहतेस? फोन केला तर तू "हॅलो, हॅलो" करून ठेवून देतेस, आणि मला जे सांगायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून कागद घेतला. सोमवारी तू अकोल्यात माझ्यासाठी रोडगे करून बसलीस आणि मी आलोच नाही. राग आला असेल, येऊ दे. पण कारण ऐकलंस तर भाचीच्या अभिमानाने तुझीही छाती फुगेल.

पायल थंड्या गाडीवर ड्रायव्हर आहे, हे तुला माहीत आहेच. (तिच्या हेवी लायसनच्या वेळी तू म्हणाली होतीस की पोरीच्या हातात ट्रक कोण देईल. मी ते केव्हाच विसरलो आहे.) गाडी म्हणजे मागे पांढरा बंद डबा, त्याला थंड करणारी वेगळी मशीन, आणि आत गोठवलेले मटार, पराठे, आइस्क्रीम. बाहेर शेहेचाळीस डिग्री असली तरी आत शून्याच्या खाली अठरा पाहिजे म्हणजे पाहिजे. पोरगी माल भरायच्या आधी रिकामा डबाच थंड करून घेते, खोक्यांच्या मधून हवा खेळायला जागा ठेवते, आणि दार उघडलं की हमालांच्या मागे अशी लागते की बिचारे पळतच माल चढवतात. एकतीस वर्षं एसटी चालवली मी, पण एवढी शिस्त माझ्यात नव्हती. तिची तीन महिन्यांची उमेदवारी सोमवारच्या फेरीने संपत होती. माल अकोल्याला धड पोचला की नोकरी पक्की. म्हटलं, अशा दिवशी बापाने शेजारी बसायला पाहिजे. ती नको नको म्हणत होती, पण मी आधीच चढून बसलो होतो.

मूर्तिजापूरच्या अलीकडे टायर बसलं. पायल खाली उतरून पंक्चरवाल्याच्या मागे लागली आणि मी केबिनमध्ये एकटा. गाडी उभी, आणि मागे मशीन आपली घरघर करत डिझेल पीत बसलेली! चतुराबाई, तुला माझा स्वभाव माहीत आहे. डिझेल बचतीचं प्रशस्तिपत्र आपल्या बैठकीत उगीच टांगलेलं नाही. उभ्या गाडीत डिझेल जळताना मी आयुष्यात पाहू शकलो नाही. समोर बटण दिसलं, दाबलं, गाडी शांत झाली. (दहा मिनिटं, फार तर.) मग वाटलं, आत गारवा टिकला आहे की नाही ते पाहावं, म्हणून मागचं दारही उघडून पाहिलं. टिकला होता. असा गारवा की मी तिथेच जरा उभा राहिलो.

पायल आली आणि तिने आधी डब्याच्या तापमानाचा काटा पाहिला. "बाबा, मशीन कोनं बंद केली?" मी म्हटलं, "मी. पन आता चालू कर ना, पुन्हा घट्ट होते सारं. कोनाले समजते?" त्यावर ती काय म्हणाली ते लिहून ठेव. "कोनाले नाई समजलं, तरी खानाऱ्याच्या पोटाले समजते." तिथेच उभं राहून तिने मशीन लावली, खोक्यांच्या मधे थर्मामीटर घालून पाहिलं, कंपनीला फोन केला, आणि रजिस्टरमध्ये लिहिलं की मशीन बंद, कारण वडील. एकतीस वर्षांत माझ्या नावावर एक शेरा नव्हता, आणि पहिला शेरा माझ्याच मुलीने मारला! मग म्हणाली, "तुमी इथंच उतरा." नियम आहे म्हणे, केबिनमध्ये बाहेरचं माणूस चालत नाही. मूर्तिजापूरच्या बसस्टँडवर बापाला उतरवून ती निघून गेली, आणि अशा तोंडाने तुझ्याकडे कशाला यायचं म्हणून मी परतीच्या एसटीने घरी आलो. आधी राग आला. बडनेरा येईपर्यंत छाती फुगली. स्वतःच्या बापाला जी सोडत नाही, ती कोणाच्या लेकराला बिघडलेलं आइस्क्रीम खाऊ घालणार आहे? कंपनीकडून कळलं, अकोल्यात बाकीचा माल जसाच्या तसा घेतला. दाराजवळची अकरा खोकी मऊ पडली होती, ती तिने स्वतःहून बाजूला काढून नष्ट करायला दिली. अशी पोरगी साऱ्या वऱ्हाडात दाखव.

गुडघ्यांना जप. घरी सगळ्यांना जयभीम.

तुझा भाऊ,
देवमन

ता.क. सोबत एक कागद आहे. कंपनी म्हणते, मशीन ज्याने बंद केली त्याने तसं लिहून द्यावं, नाहीतर ठपका पायलवर राहील आणि नोकरी पक्की होणार नाही. मी सही केली आहे. 'कारण' या रकान्यात 'अतिशहाणपणा' लिहिलं आहे. घराबाहेरच्या साक्षीदाराची सही लागते, आणि शेजाऱ्यांना हे दाखवायची सोय नाही, माझा इथे रुबाब आहे. तू सही कर आणि मंगळवारच्या आत पाठव.

ता.क. २ वर पत्रात दहा मिनिटं लिहिली आहेत. कागदावर पंचेचाळीस आहेत. कागदावरचं खरं.

ता.क. ३ पायल सोमवारपासून माझ्याशी बोलत नाही, तिला तू समजाव, असं लिहिणार होतो. तेवढ्यात तिने येऊन कागद उचलला, उभ्याउभ्या वाचला आणि खिशातला पेन काढला. त्यामुळे 'कारण' या रकान्यात खाडाखोड दिसेल, ती माझी नाही. 'अतिशहाणपणा' कापून तिने लिहिलं आहे, 'चांगल्या ड्रायव्हरची जुनी सवय'.