बोडी भरली की सांडवा कंपनीचा

मु. पो. पोंभुर्णा, जि. चंद्रपूर
होळीनंतरचा दुसरा रविवार

चि. हर्षा हिला पत्रूमामाचा सप्रेम जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

तुझी तब्येत ठणठणीत असेल, जावईबापूंचा खोकला थांबला असेल आणि पुण्यात तुम्हाला निदान रविवारी तरी चुलीवरच्यासारखी भाकर मिळत असेल, असं धरून चालतो. इकडे सगळं बरं आहे. तुझी आई परवा येऊन गेली, जाताना आमच्या वाडीतली निम्मी वांगी घेऊन गेली, त्यावरून तिचीही प्रकृती उत्तम असल्याचं दिसलं. आता तू विचारशील की मामा, फोन असताना पत्र काऊन? तर त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे फोनवर तू तिसऱ्या वाक्याला मीटिंगमध्ये जातेस आणि पत्राला तसं कुठे जाता येत नाही. दुसरं कारण म्हणजे आमच्या घरातला फोन तुझी मामी नेहमी मोठ्या आवाजावर ठेवते, त्यामुळे मी तुला जे सांगतो ते तिला, शेजाऱ्यांना आणि गोठ्यातल्या गाईलाही कळतं. (या पत्रात तसं लपवण्यासारखं काही नाही. आपलं सहज सांगितलं.)

तर विषय असा की तुझा हा मामा, जो चाळीस वर्षं झाडीपट्टीच्या रंगभूमीवर खलनायक म्हणून लोकांच्या शिव्या खात आला, तो सध्या पोंभुर्ण्यात आरोग्य विम्याचा जाणकार म्हणून ओळखला जातो. हसू नकोस. बाबूभाई टेलरच्या दुकानात (तेच ते, आमच्या नाटकाचे अंगरखे शिवणारे) रोज सकाळी लोक आपापली पॉलिसी घेऊन बसलेले असतात आणि मी त्यांना समजावून सांगतो. चहा बाबूभाईचा, ज्ञान माझं. आणि हे ज्ञान आलं तुझ्यामुळे, हे मी सगळ्यांना आधी सांगतो आणि मगच पॉलिसी उघडतो.

तू तीन वर्षांपूर्वी आम्हा नवरा-बायकोची पॉलिसी काढलीस तेव्हा मी काय बोललो होतो ते तुला आठवत असेलच. वर्षाचे पहिले पन्नास हजार आपणच भरायचे आणि त्यावरचं कंपनी देणार, हे ऐकल्यावर मी बाबूभाईला म्हटलं होतं की भाचीने छत्री दिली खरी, पण मधोमध भोक पाडून दिली. त्या भोकाला डिडक्टिबल म्हणतात, एवढं मी पाठ केलं आणि कागद पेटीत ठेवून दिले. मग आला जानेवारी. आमचा प्रयोग होता एटापल्लीला. इकडे तुझी मामी पोटात दुखतं म्हणून कधीपासून ओवा खात होती आणि मला म्हणत होती की पित्त आहे, जाईल. त्या दिवशी ती अंगणात बसली ती उठेचना. प्रयोग संपता संपता निरोप आला, आणि मी जो निघालो तो घरी पोचून तिला गाडीत घालून थेट चंद्रपूरच्या दवाखान्यात उतरलो. तोंडावरचा रंग तसाच, कपाळावर जखमेची खूण, ओठांवर चिकटवलेल्या मिशा. दारावरच्या शिपायाने मलाच स्ट्रेचरवर झोपवायला घेतलं होतं. पित्ताशयात खडे निघाले, ऑपरेशन लगेच करावं लागेल असं डॉक्टर म्हणाले. हर्षा, मंचावर मी शेकडो माणसं मारली असतील, पण त्या बाकावर बसून मी जेवढा घाबरलो तेवढा कधी घाबरलो नाही.

तिथे विम्याच्या टेबलावर नूतन नावाची मुलगी बसते. तिने मला सगळं नीट समजावून सांगितलं आणि मी खलनायकासारखी एक भुवई वर करून ऐकलं, म्हणजे समजलं नाही हे कळू दिलं नाही. ऑपरेशन झालं, मामी चार घास खायला लागली, माझ्या जिवात जीव आला, आणि मग घरी जायच्या दिवशी हातात बिल पडलं. ऐंशी हजार. आता तुला ठाऊक आहे की नाटकाचे सौदे आमच्या मंडळीत मीच करतो. गावाच्या मंडळाने प्रयोगाचा भाव पाडला की मी कसा ताडकन उठून पायात चपला घालतो आणि ते कसे मला दारातून परत बोलावतात, हे तू लहानपणी पाहिलं आहेस. तेच मी इथे केलं. निम्मा आकडा सांगितला, तोंड वाकडं केलं, चपला सरकवल्या आणि निघालो. फाटकापर्यंत गेलो. पानठेल्याजवळ रेंगाळलो. कोणी बोलावलं नाही. शेवटी शिपायाने विचारलं की भाऊ, गाडी हरवली का, तेव्हा परत आत आलो. (बायको त्यांच्याकडे ठेवून आपण चालते झालो तर सौदा आपल्याच अंगावर येतो, हे आधी सुचायला हवं होतं.)

पण पत्रू निमगडे हार मानत नाही. मी मोठ्या डॉक्टरांना गाठलं. ते निघाले ब्रह्मपुरीकडचे, आणि लहानपणी त्यांनी माझा प्रयोग पाहून चार दिवस अंथरूण ओलं केलं होतं असं त्यांनी स्वतःच सांगितलं. एवढी दाद मला कुठल्या पुरस्कारातही मिळाली नसती. त्यांनी हसत हसत आठ हजार कमी केले. मी छाती फुगवून नूतनकडे गेलो आणि म्हटलं, आता माझे बेचाळीसच घ्या. ती पोरगी म्हणाली, "मामाजी, तुमचे पन्नासच राह्यते. हे आठ हजार तुम्ही कंपनीचे वाचवले."

तिने पुन्हा सांगितलं, आकडे मांडून सांगितलं, पाणी दिलं. आणि ते पाणी पिता पिता मला एकदम आपल्या शेतातलं छोटं तळं, आपली बोडी दिसली. पाऊस पडला की पाणी आधी आपल्या बोडीत जमा होतं. बोडी काठोकाठ भरल्याशिवाय सांडव्यावरून थेंब जात नाही, आणि भरल्यावर मात्र वरचं सगळं पाणी सांडव्यावरून नाल्यात जातं. दवाखान्याचं बिल म्हणजे पाऊस, पन्नास हजार म्हणजे आपली बोडी, आणि सांडव्याखालचा नाला कंपनीचा. मी एवढी घासाघीस करून कमी केलं ते सांडव्यावरचं पाणी, माझी बोडी होती तेवढीच राहिली. हे मी नूतनला सांगितलं तर ती म्हणाली की आजपासून मी पण सगळ्यांना असंच सांगीन. म्हणजे बघ, चंद्रपूरच्या त्या दवाखान्यात सध्या आपली बोडी चालू आहे. आणि एखाद्या कंपनीला आठ हजारांची मदत केलेला माणूस आपल्या खानदानात दुसरा नाही, हेही मी आता अभिमानानेच सांगतो.

राहिला प्रश्न बोडी भरायचा. तुझ्याकडे मागायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. पण आपल्याकडची रीत तुला माहीत आहे, दवाखान्यात भेटायला आलेला माणूस रिकाम्या हाताने जात नाही, निघताना आजारी माणसाच्या मुठीत काहीतरी ठेवून जातो. अख्खी बौद्धवाडी येऊन गेली, नाटकमंडळी आली, बाबूभाई आणि खैरुनभाभी डबा घेऊन आले. मामीच्या उशाखाली इतक्या नोटा जमल्या की परिचारिका उशी बदलायला घाबरू लागली. माझ्या मनात शंका आली. मी नूतनला गुपचूप विचारलं की पॉलिसीत स्वतः भरायचे असं लिहिलं आहे, मग हे लोकांचे पैसे कंपनीला कळवावे लागतील का, ते वजा होतील का. (नाटकवाला असलो तरी खोटेपणा फक्त मंचावर करतो.) ती म्हणाली की कंपनीला खिसा कोणाचा हे पाहायचं नसतं. निम्म्याच्या वर बोडी आपल्या लोकांनी भरली, हर्षा. बाकीचं माझ्या या हंगामातल्या नाइटच्या, म्हणजे दर प्रयोगामागे मिळणाऱ्या पैशातून निघालं. ज्या लोकांनी चाळीस वर्षं मंचासमोर बसून माझ्या नावाने बोटं मोडली, तेच उशाशी येऊन बसले. मला रडू आलं, आणि मिशा तेव्हा उतरवलेल्या होत्या म्हणून ते लपलंही नाही.

आणखी एक गोष्ट शिकलो. हातमोजे, कापूस, थर्मामीटर, कंगवा, असल्या वस्तूंचे पैसे कंपनी देत नाही, ते वेगळे आपल्याकडून घेतात. म्हणून निघताना मी आपला थर्मामीटर आणि कंगवा मागून घेतला. सध्या अख्ख्या आळीचा ताप त्याच थर्मामीटरवर मोजला जातो. कंगवा मात्र माझ्या उपयोगाचा राहिलेला नाही.

सांगायचं एवढंच की तुझ्या छत्रीला भोक नव्हतं, मामाच्या डोक्याला होतं. मामी आता पाण्याची घागर उचलू पाहते आणि मी ओरडतो. परवा तिने मला ओरडून दाखवलं, म्हणजे ती पूर्ण बरी झाली. तू आमच्या घरातली पहिली मुलगी, जिने आजारपण यायच्या आधी आमचा विचार केला. तुझा मामा तुझ्याबद्दल बाबूभाईच्या दुकानात काय काय बोलतो ते तू ऐकायला हवं. जावईबापूंना जय भीम, छोट्याला पापा.

तुझा,
पत्रूमामा

ता. क. : एक किरकोळ शंका. माझा एक मित्र आहे, नाटकातलाच. गेल्या हंगामात मेलेल्या नायकाला खांद्यावर घेऊन जाताना (नायक अलीकडे फार जाड झाले आहेत) त्याच्या जांघेत हर्निया उतरला. त्याचीही पॉलिसी तुझ्या पॉलिसीसारखीच, नवरा-बायकोची मिळून. हर्नियाला दोन वर्षं थांबावं लागतं म्हणतात, ती संपली. त्याच्या बायकोचं ऑपरेशन याच वर्षात झाल्यामुळे बोडी भरलेली आहे. मग आता पडेल तो पाऊस सगळा सांडव्यावरूनच जाईल ना? पॉलिसीचं वर्ष मृगाला बदलतं, मग बोडी पुन्हा कोरडी. म्हणून जरा लवकर कळव.

ता. ता. क. : त्या मित्राच्या बायकोला यातलं काही माहीत नाही. ती नुकतीच उठली आहे, तिच्या जिवाला घोर नको, असं त्याला वाटतं. तो गेलं वर्षभर आतून पट्टा बांधून कामं करतो आहे. तू हुशार आहेस, मित्र कोण ते विचारू नकोस. उत्तर बाबूभाईच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव.

हर्षा, हे खालचं मी मामी लिहून राह्यली. मामाने पाकिटाले डिंक लावाले मलेच देल्लं, म्हणून वाचलं. त्यांचा तो पट्टा सालभरापासून रोज धुवून वाळत कोण टाकते असं त्यांना वाटते, मले समजत नाई. दवाखान्यात मी पलंगावर होती तवाच नूतनले हर्नियाचं विचारून ठेवलं. पॉलिसीत होते म्हणाली. मागं मी विचारलं तवा तू फोनवर सांगतलं तसंच मी सोमवारी नेतो त्यांना, पण तू काही बोलू नको, त्यांनाच समजलं असं वाटू दे. पैशाचा त्यांना घोर नाई, पाठीत सुई देतात हे कोणीतरी सांगतलं आहे, त्याले भिऊन राह्यले. मी बसतो हात धरून. माह्यासाठी ते तोंडावरचा रंग न पुसता आले होते, आता माही पाळी आहे.