शीग लावू नकोस

मि-सोन,

ग्वांग-सिकची बोट बुडाली तिथे कुणीतरी सापडलंय. ओळख पटवायला बंदरावर बोलावलंय. अंगात हिरवा स्वेटर आहे म्हणाले. तो मीच विणलाय, त्यामुळे काय बघायचंय ते मला ठाऊक आहे. तुला उठवलं नाही. असलं आईने बघावं, पोटुशी बायकोने नाही. पातेल्यात पेज आहे. माझ्यावर चिडून का होईना, पण खा.

मग दारूचे तांदूळ भिजत घाल. लाकडी माप राहू दे, तुझा काटाच घे. तू सारखी विचारायचीस, "आई, एका मापात किलो किती?" आणि मी खेकसायचे, "दारू अंदाजाने होते, आकड्यांनी नाही!" अगं, सपाट माप दर वेळी सारखंच भरतं. तुझा हिशोब चुकायचा तो माझ्या शिगेमुळे. बोटीवरून आला की त्याला सगळ्यांपेक्षा एक वाडगा जास्त लागायचा, म्हणून मी मापावर मूठ-दीड मूठ चढवायचे. तो नसतानाही चढवत राहिले.

ही दारू त्याच्या विधीला लागेल. काट्यावर बरोबर चार किलो घे. शीग नको. त्याच्यापुढे ठेवायला आता पेलाभर पुरे.

आई