ओगी दात खातो

ब्रेस्तोवो, १० डिसेंबर २००३

प्रिय रालित्साताई,
सा. न. वि. वि.

द्राक्षांची तोडणी संपली, मग एका सर्कशीबरोबर हिंडलो (त्यांचा उंट फार द्वाड, पण ते असो) आणि आता तुझ्या सासरी टेकलोय. तुझ्या ओगीचं विचारलंस. दुपारी झोपला की केवढा घोरतो! सहा वर्षांचं पोर, पण आवाज लाकूड कापणाऱ्या गड्याचा. मधूनच करकरा दात खातो. तुझ्या सासूबाई म्हणतात, जंत झालेत. म्हणून भोपळ्याच्या बिया आणि लसूण चालू आहे. वासानं मांजरसुद्धा लांब बसतं. तब्येत सांभाळ. मला विसरलीस तरी चालेल, पण इटलीचं चीज पाठवायला विसरू नकोस.

तुझा भटका,
लाचो

बारी, २८ डिसेंबर

चि. लाचोस अनेक आशीर्वाद.

जंतबिंत काही नाही. राग आहे तो, माझ्यावरचा. कोणी भरवला ते मला कळतं. दर रविवारी फोन करते, तर पोरगा गप्प. मागून सासूबाई म्हणतात, बोल की रे आईशी. एवढ्या गोड आवाजात त्या माझ्याशी कधी बोलल्यात? हे गेल्यापासून मी इथे परक्या म्हाताऱ्यांची उस्तवार करते ती कोणासाठी? आणि त्याला सांगत असतील, आई टाकून गेली. डोळे उघडे ठेव. खरं निघालं तर ईस्टरला ओगीला कायमचा घेऊन येईन. त्या दारात पुन्हा पाऊल नाही. टोपी घालत जा.

माया आहेच, सांगायला नको.
रालित्सा

ब्रेस्तोवो, १६ जानेवारी २००४

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

पाळत ठेवली. म्हातारीला कळलंच. उलट मलाच म्हणाली, तुझ्या बहिणीनंच फोनवर काहीतरी शिकवलंय, हल्ली माझ्या हाकेला ओ देत नाही. मला दोघींचंही पटत होतं.

परवा गावात भुतं पळवायला कुकेरांची सोंगं नाचली. मीही केसाळ कातडं चढवलं (पिसवांनी भरलेलं, ते नंतर सांगेन), कमरेला घंटा बांधल्या. ओगी अंगणात पाठमोरा उभा होता. म्हटलं, घाबरवू. मागे जाऊन असा नाचलो की कुत्रं खाटेखाली शिरलं. पोरानं मानसुद्धा वळवली नाही. खांद्याला हात लावला तेव्हा दचकला, आणि मग हसला.

तसाच, घंटांसकट, त्याला डॉक्टरकडे नेला. नाकामागे मांस वाढलंय, म्हणून घोरणं. दात खाणंही बहुधा त्यातूनच. कानात पाणी साठलंय, म्हणून नीट ऐकू येत नाही. फेब्रुवारीत ऑपरेशन करतील, मग ऐकू येईल म्हणाला.

म्हातारी चुलीपाशी बसून रडली. बिया कोंबड्यांना टाकल्या. म्हणाली, तिला कळव, लसणाशिवाय मी काही भरवलं नाही.

गेल्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी समोरच होतो. ओगी गप्प होता खरा. पण रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला होता, आणि तू ठेवल्यावरही सोडेना.

ऑपरेशनला ये. लोभ माझ्यावर आहेच. थोडा म्हातारीसाठी बरोबर आण.

लाचो