खड्याला दिलेला होकार

मी, मनकर्णाबाई, कै. रामाजी उंबरकर यांची विधवा, वय साठीच्या पुढे, राहणार मौजा सावली, जिल्हा चांदा, पूर्ण भानावर असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहवून देत आहे. 'दडपण' हा शब्द बापूजी मास्तरांनी घातला. दडपण आहेच, पण ते लिहू नको म्हणणाऱ्यांचे आहे. मास्तर तिळगूळ द्यायच्या निमित्ताने आले आहेत. माझा मुलगा मुखरू शेतावर आहे, तो परतण्याआधी हे उरकायचे आहे.

कलम १. हातातली हिऱ्याची अंगठी मुखरूला. सांधा सुजल्यामुळे ती निघत नाही. मी गेल्यावर अंगठी कापावी, बोट कापू नये. खड्याबद्दल माझी तक्रार नाही. माझे वडील सोनार, पारख त्यांनीच शिकवली. तोंडाची वाफ दिली तर ती खड्यावरून लगेच उडावी, सकाळच्या उजेडात पिवळी झाक दिसू नये, भिंगाखाली काळा डाग किंवा चीर सापडू नये. वैरागडच्या खाणीतला म्हणून विकतात तो प्रत्येक खडा तिथला नसतो, हेही त्यांनीच सांगितले.

माझ्या साक्षगंधात वरपक्षाने तीन खडे पुढे ठेवले आणि निवड म्हणाले. गावभर कौतुक झाले. मीही हुरळले. खिडकीपाशी बसून खडे निरखत राहिले आणि समोरच्या माणसाकडे एकदाही पाहिले नाही. एक खडा निर्दोष निघाला, मी मान हलवली, लग्न ठरले.

यजमान सागवानाचे ठेकेदार. जंगलात निघाले की दाराला बाहेरून कुलूप लावत. एकदा मी विचारले, "कुलूप काऊन लावता?" तर हसून म्हणाले, "हिरा कोनी उघड्यावर ठेवते काय?" ते असेपर्यंत हेच चालले. मुखरू कुलूप लावत नाही. "माय, कुठी चालली?" एवढेच विचारतो, आणि माझा पाय उंबऱ्यातच थांबतो.

कलम २. वडिलांचे भिंग व तराजू हेही मुखरूलाच. विकावे. घरात ठेवू नये.

कलम ३. बाजारामागचे माझ्या वडिलांचे घर, विहिरीसह, माझी नात, मुखरूची मुलगी गुणा हिला. वडिलांना मुलगा नव्हता म्हणून ते माझ्याकडे आले, पण बाईमाणसाला राहण्यापुरतेच, असे सगळे ऐकवत आले. गेल्या वर्षीच्या नव्या कायद्याने ते पुरते माझे झाले, असे मास्तर चांद्याच्या वकिलाला विचारून आले. मुखरूने तिथे मोहफुलांची पोती भरून ठेवली आहेत, ती हलवावीत.

गुणाचे साक्षगंध वसंत पंचमीला ठरले आहे. मुलाकडच्यांनी अंगठी आधी माझ्याकडे तपासायला पाठवली. मी तपासली आणि खडा चांगला आहे म्हटले. मुखरूने तेवढ्यावर होकार कळवून टाकला. तांदूळ निवडताना गुणा म्हणाली, "आजी, तू खड्याले चांगला म्हटलं. मले काऊन नाई इचारलं कोनी? पोरगा पाहाले आला तवा त्यानं पयलं हेच इचारलं, इले मोहल्ल्यात फिराची सवय हाय काय म्हून." सूप माझ्या हातातच राहिले.

मास्तर म्हणतात, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होते. मला तर साधा खोकलाही नाही, आणि पंचमी तोंडावर आली. जिवंतपणी घर देण्याचा कागद करायचा तर कचेरीत जावे लागते, आणि मला कोण जाऊ देणार?

कलम ४. म्हणून हे मृत्युपत्र माझ्या मरणाची वाट न पाहता साक्षगंधाच्या मांडवात, अंगठी पुढे येण्याआधी, मास्तरांनी मोठ्याने वाचावे. मी मागे बायकांत बसलेली असेन. मुखरूच्या रागाची मला भीती वाटते, तरी वाचावे. बाजारामागच्या त्या घरात गुणाने त्याच दिवसापासून राहावे, ही मालकीण म्हणून माझी परवानगी. मीही तिच्यासोबत जाईन. वाचून झाले की चार लोकांदेखत तिला विचारावे, "गुणा, मुलगा पसंत हाय काय?" आणि ती बोलेपर्यंत मांडवात कोणीही तोंड उघडू नये. मीसुद्धा.

सही: मनकर्णाबाई रामाजी उंबरकर

साक्षीदार:
१. बापूजी, शाळामास्तर, सावली. हस्ताक्षर माझे. वाचण्याचे कबूल केले आहे.
२. डोमा वल्द कोलू, शेजारी, सावली. निशाणी डावा अंगठा.

मुक्काम सावली, ता. २० जानेवारी १९५७