एर्मेलिंदा कुठे बघत होती

मी, फेलिस्मिना रामाल्यो, वय पंचाहत्तर, राहणार अल्मादा, हे मृत्युपत्र तोंडाने सांगून लिहवून घेत आहे. मला अक्षर येत नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. जीभही ठिकाणावर आहे, हे नोटरीसाहेब स्वतः ऐकत आहेत. लिस्बनच्या लॅबमध्ये तेहतीस वर्षं मी सिनेमाची फिल्म कापली आणि जोडली. चित्रं वाचता येत होती, तेवढ्यावर भागलं.

१. राहतं घर मुलगा एउरिको आणि नात झुल्मिरा यांना निम्मं-निम्मं. स्वयंपाकघर कोणाच्या निम्म्यात, यावर भांडायचं असल्यास माझं दफन होईपर्यंत थांबावं.

२. माझे दिवंगत यजमान आदेलिनो यांचा कॅमेरा एउरिकोला. तो लग्नांचं शूटिंग करतो. मागच्या लग्नात त्याने नवरीला टेबलाच्या अलीकडून टिपलं आणि नवऱ्याला पलीकडे जाऊन. पडद्यावर दोघांची तोंडं एकाच दिशेला, जणू पहिल्याच दिवशी अबोला. समोरासमोर बोलणाऱ्यांना एकाच बाजूने टिपावं, ही अट. "आई, हेही लिहवतेस?" असं तो आत्ता म्हणाला. तेही लिहावं.

३. जोडयंत्र, कात्री आणि पांढरे हातमोजे झुल्मिराला. माणूस उभा राहिल्यावर कापू नये. उठता उठता कापावं, म्हणजे सांधा दिसत नाही. आणि कापलेला तुकडा कधीही फेकू नये.

४. निळा डबा माझी सेतुबालला राहणारी नणंद एर्मेलिंदा हिला. सन १९६८मध्ये तिच्या बाळाचा, गास्पारचा, बाप्तिस्मा झाला. आदेलिनोने शूटिंग केलं. त्यात एर्मेलिंदा वाकून बघते, चेहऱ्यावर नुसती माया, आणि मग पाळण्यातला गास्पार दिसतो. मी पाळणा काढला आणि त्या जागी परातीतलं भाजलेलं डुकराचं पिल्लू जोडलं. चित्रं दोन्ही खरी, पण बाई आता जेवणाकडे बघून विरघळत होती. सगळं गोत पोट धरून हसलं. ती चारचौघांत म्हणाली, "ए अंगठेबहाद्दर, माझं पोर होतं तिथे परत लाव." मला झोंबलं. मी म्हटलं, "तो तुकडा फेकला मी." फेकला नव्हता. त्याच हिवाळ्यात गास्पार तापाने गेला. त्याचा दुसरा फोटोही कोणी काढलेला नव्हता. मग खरं सांगायला मला तोंड उरलं नाही. चाळीस वर्षं ती माझ्याशी बोलत नाही. तुकडा डब्यात आहे, चार सेकंदांचा.

इथे नोटरीसाहेबांनी लेखणी थांबवून विचारलं, "नणंदबाईंचं वय?"

"अठ्ठ्याहत्तर. छातीचं दुखणं आहे."

"बाई, हा कागद तुम्ही गेल्यावर उघडायचा. त्या आधी गेल्या तर?"

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी झुल्मिराला डबा काढायला सांगितला.

"आजी, ती तुला दारात उभं करायची नाही."

"मला नको करू दे. पोराला घेईल."

सबब कलम चार रद्द. प्रोजेक्टर एउरिको उचलेल. सेतुबालची बस चारला सुटते, म्हणून बाकीची भांडीकुंडी कोणाला द्यायची ते पुढच्या खेपेस सांगेन. वरचा मजकूर मला वाचून दाखवला, माझाच आहे.

लिहवून देणार: फेलिस्मिना रामाल्यो (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार: १. ओरासियो काल्देइरा, औषधविक्रेते (सही)
२. इदालिना वेन्तुरा, शेजारीण (सही)

अल्मादा, १२ मार्च २००९, दुपारी सव्वातीन