आधी बी.एड., मग एम.ए.

अण्णा,

मला आधी एम.ए.च करायचं होतं. तुम्ही मिरजगावच्या दुकानात शाळेचे गणवेश शिवत होतात आणि मी समोर उभी राहून हट्ट करत होते. मशीनवरचे पाय न थांबवता तुम्ही म्हणालात, "आधी बी.एड. कर. नोकरी लागली की सोताच्या पगारातनं एम.ए. कर. मंग कुनाला इचारायला नको." दोन्हीचा खर्च तुम्हाला झेपणार नव्हता, पण तसं तुम्ही म्हणाला नाहीत.

नगरच्या कॉलेजात पहिल्या हप्त्याची मुदत मागायला आपण दोघं गेलो. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण टेप गळ्यात तसाच राहिला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्राचार्यबाईंचं लक्ष नेमकं तिकडंच गेलं. "टेलर आहात?" "व्हय, बाई." आमच्या वर्गाला एकसारख्या साड्या होत्या आणि ब्लाऊज कुठं शिवायचे ते ठरत नव्हतं. बाईंनी ते काम तुम्हाला दिलं, शिलाई माझ्या फीत वळती करायची ठरली.

मुलींची मापं घ्यायला तुम्ही लाजलात. म्हणून ती मी घेतली, आणि निम्मी चुकवली. वर्गात एकीनं फळ्यावर लिहायला हात वर केला आणि तिची काखेतली शिवण उसवली. सगळ्या हसल्या. मी तणतणत घरी आले आणि आईच्या देखत तुम्हाला म्हणाले, "तुमच्या शिलाईनं माझी लाज घालवली." चूक कुणाची हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "आन सगळे माघारी. शिवनीत जास्तीचं कापड ठिवलंय मी." माझ्या हातात टेप दिला तेव्हाच तुम्ही ते ठरवलं असणार.

मग तीन दिवस तुम्ही उसवताय, पुन्हा शिवताय आणि मी शेजारी बसून हुक लावतेय. मध्येच म्हणता, "घे, माज्यावर पाठ घे." मी व्याकरण शिकवते. तोंडात टाचणी धरून तुम्ही मुद्दाम चुकीची उत्तरं देता, मी चिडते का ते बघायला. मी चिडते. आई आतून हसते.

नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली. एम.ए. पुढच्या वर्षावर जात राहिलं. दर दिवाळीला तुम्ही विचारायचात, "फारम भरला का?" शेवटी दवाखान्यातही तेच विचारलंत. मी म्हणाले, "भरला." शेजारच्या खाटेवरच्या माणसाला तुम्ही लगेच सांगितलंत, "लेक एम.ए. करतीया." चार दिवसांनी तुम्ही गेलात. फॉर्म मी आणलासुद्धा नव्हता.

इतक्या वर्षांनी, मागच्या वर्षी, तो खरोखर भरला. परीक्षेला गेले तर दारातली एक मुलगी बाजूला सरकून म्हणाली, "मॅडम, तुमची सुपरव्हिजन या हॉलला का?" म्हटलं, "नाही गं, तुझ्याच मागचा नंबर आहे माझा." पेपर लिहिताना हात दुखत होता, पण फार छान वाटत होतं. पोरांना शिकवताना जे नुसतं सांगत आले, ते का तसं असतं हे आता कळायला लागलंय.

काल निकाल लागला. घरी पेढे आणले, फोटो काढले. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून लिहिते. भाषाविज्ञानाचा पेपर राहिलाय, अण्णा. घरात अजून कुणालाच सांगितलेलं नाही.