मागच्या दाराचं हँडल

४ फेब्रुवारी

नव्या गाडीचं छप्पर मातीत झालं एकदाचं! कंबरेचा पार भुगा झालाय. खऱ्या गाडीचं सगळं छप्पर सौर पट्ट्यांचं, अंग जवसाच्या धाग्यांचं, आणि गोंद कुठेच नाही — खटके काढले की गाडी सुटी, तुकडा न् तुकडा पुन्हा कामाला. धूर नाही, भंगार नाही. रस्त्यावर यायला अजून अवकाश आहे, हा नुसता नमुना. आणि असली उद्याची गाडी आधी मी मातीत घडवायची, भट्टीतली गरम माती हाताने थापून! छत्तीस वर्षं हेच करतोय.

९ फेब्रुवारी

आज चारही हँडलं केली. मापाचा कागद बघितलाच नाही. हात आपोआप चालला. फार बरं वाटलं.

१० फेब्रुवारी

फजिती! डिझाइनवाल्या पोरीने हँडलमध्ये हात घातला तर तीनच बोटं आत. "काका, हे कोणाच्या मापाचं केलंत?" सगळे हसले. मीही हसलो. "म्हातारचळ," म्हटलं.

जेवणाच्या सुट्टीत आपलाच हात बघत बसलो आणि लख्ख कळलं. ठकीचा हात. शाळेत सोडायला जायचो तेव्हा माझ्या मुठीत असायचा तो. सहा वर्षांची होती पोरगी. आता बत्तीस वर्षांची असेल. लग्नावरून भांडण झालं तेव्हा "गेलीस तर परत तोंड दाखवू नकोस" म्हणालो, त्याला आठ वर्षं झाली. तिनेही ते धरून ठेवलं — शेवटी माझीच मुलगी!

फार आठवण येते तिची. लिहून टाकलं, झालं.

१२ फेब्रुवारी

तीन हँडलं मोडून नव्याने केली. चौथ्याचा, मागच्या डाव्या दाराचा, साचा आधीच पुढे ओतायला गेला होता. साहेब म्हणाले, "राहू द्या, ती बाजू प्रदर्शनात भिंतीकडे येईल. कोण बघतंय?" जीव भांड्यात पडला. का पडला, ते त्यांना काय सांगू?

२० फेब्रुवारी

प्रदर्शनाचे पास मिळाले. माणशी दोन, घरच्यांसाठी. घरच्यांसाठी म्हणे! ताईला फोन केला, ठकीचा पत्ता तिच्याकडे आहे. पास तूच पाठव म्हटलं तर फणकारली, "मला कशाला मध्ये घालतोस? तेव्हा जिभेला हाड नव्हतं, आता हाताला काय झालंय? लिही की चिठ्ठी!" पत्ता मात्र दिला.

२१ फेब्रुवारी

पाच चिठ्ठ्या फाडल्या. सहावीत एवढंच — "गाडी बघायला ये. चुकलं माझं. बाबा." एक पास तिचा, एक जावयाचा. टाकली पेटीत.

१ मार्च

उत्तर नाही.

६ मार्च

नाही. ताई म्हणते धीर धर. धरतोय! दुसरं काय करतोय? गाडी तयार झाली, देखणी झालीय. प्रदर्शन संपलं की लोकांसमोरच सुटी करणार, म्हणजे ते हँडलही जाणार. रोज निघताना त्यात बोटं घालून बघतो. माझी दोनच जातात.

१५ मार्च

आली! पास दोनच, म्हणून जावई बाहेर थांबला. तिच्यामागे दडलेली एक पोर — सहा वर्षांची! ताईला ठाऊक होतं, मला कोणी सांगितलं नाही. "हे आजोबा," ठकी म्हणाली आणि रडायलाच लागली. नातीला हाताला धरून भिंतीकडच्या बाजूला नेलं. तिने हँडल धरलं. चारही बोटं आत. दार उघडलं.